रिपोर्टमधल्या ‘स्पेकल्ड’चा अर्थ वाचकांना नीट सांगा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘एएनए पॉझिटिव्ह म्हणजे शरीर स्वतःच्याच डीएनएवर हल्ला करते.’ ‘थॅलेसेमिया मायनर म्हणजे लोहाची कमतरता, गोळ्या घेतल्या की जाते.’ ‘एसएमएच्या बाळाला सोळा कोटींचे इंजेक्शन हाच उपाय, बाकीची औषधे ही त्याचीच स्वस्त आवृत्ती.’ (एएनए म्हणजे पेशीच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडे, अर्थात अँटिबॉडी, शोधणारी रक्ततपासणी, थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिनचा आणि एसएमए हा चेतापेशींचा आनुवंशिक आजार.) ही तीन वाक्ये आरोग्यविषयक मजकुरात आणि तिथून उचलून मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत सतत दिसतात. तिन्ही चुकीची आहेत आणि तिन्हींमुळे माणसांचे नुकसान होते. पहिले वाक्य वाचून निरोगी माणूस महिनोन्महिने धास्तावून राहतो. दुसऱ्यामुळे थॅलेसेमियाचा वाहक गरज नसताना लोह खात राहतो आणि लग्नाआधी करायची तपासणी राहून जाते. तिसऱ्यामुळे आईवडिलांना आपण नेमके कोणते औषध मागतो आहोत हेच कळत नाही.

या तिन्ही गोष्टी पेशीच्या केंद्रकातल्या एकाच यंत्राशी जोडलेल्या आहेत. आरएनएची कच्ची प्रत तपासून, नको तो भाग कापून उरलेला भाग सांधणारी प्रथिने हे ते यंत्र. नाशिकमध्ये कोणत्याही पॅथॉलॉजी लॅबच्या खिडकीवर रोज जे कागद मिळतात, त्यांत या प्रथिनांची नावे छापलेली असतात. ती काय करतात हे मात्र मराठीत कुठे धड वाचायला मिळत नाही. म्हणून हे लांबलेले पत्र.

आधी यंत्राबद्दल. जनुकाची नक्कल होऊन जो आरएनए तयार होतो, त्यात प्रथिनाची कृती सलग लिहिलेली नसते. कामाचे तुकडे म्हणजे एक्झॉन, मधले काढून टाकायचे तुकडे म्हणजे इंट्रॉन. हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिनचे जनुक अगदी छोटे: तीन एक्झॉन, दोन इंट्रॉन, पहिला इंट्रॉन १३० अक्षरांचा, दुसरा ८५० अक्षरांचा. स्नायूंतल्या डिस्ट्रॉफिनचे जनुक मात्र २२ लाखांहून अधिक अक्षरांचे. त्यातून ७९ एक्झॉन निवडून सांधले की सुमारे १४ हजार अक्षरांची अंतिम प्रत उरते. ही कापाकापी होते हे १९७७ मध्ये फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी दाखवले, त्याबद्दल दोघांना १९९३ चे नोबेल मिळाले.

या कापून सांधण्याच्या कामाला इंग्रजीत स्प्लायसिंग म्हणतात. त्या शब्दाला अनेक जण मराठीत ‘छाटणी’ म्हणतात. नाशिकच्या माणसाला तरी तो शब्द खटकायला हवा. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीत काडीचे टोक कापले की ते बांधावर जाते, काम तिथेच संपते. स्प्लायसिंगमध्ये मधला भाग काढून दोन्हीकडची टोके एकमेकांत बसवायची असतात. म्हणजे हे काम डॉगरिज या द्राक्षजातीच्या खुंटावर पाचर कलम भरण्यासारखे आहे. खुंटातला काप आणि काडीची पाचर जुळली नाही तर कलम धरत नाही, हे बागायतदाराला सांगावे लागत नाही. फरक एवढाच, की कलमात केसभर इकडेतिकडे खपून जाते आणि इथे एक अक्षरही खपत नाही. प्रथिनाची कृती तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत वाचली जाते. सांधा एका अक्षराने सरकला की पुढचा प्रत्येक शब्द बिघडतो.

कापायचे कुठे, हे ओळखणारा पहिला कण म्हणजे यू-वन. तो म्हणजे १६४ अक्षरांचा एक छोटा आरएनए, त्याभोवती सात प्रथिनांची बांगडी, आणि यू-वनची स्वतःची अशी आणखी तीन प्रथिने: ७०के, ए आणि सी. बांगडीतल्या सात प्रथिनांना ‘एसएम’ प्रथिने म्हणतात. हीच बांगडी यू-टू, यू-फोर आणि यू-फाइव्ह या कणांवरही असते, फक्त यू-सिक्सवर तिची चुलत बहीण शोभेल अशी वेगळी बांगडी असते. माणसाच्या एका पेशीत यू-वनचे सुमारे १० लाख कण असतात.

आता कामाचा क्रम. आरएनए तयार होऊन बाहेर येऊ लागतो, २०-३० अक्षरांचा झाला की त्याच्या पुढच्या टोकावर टोपी चढते. लगेच एचएनआरएनपी नावाची प्रथिने त्याला वेढतात. इंट्रॉन बहुधा ‘जीयू’ने सुरू होतो आणि ‘एजी’ने संपतो. यू-वन आपल्या टोकाची अक्षरे सुरुवातीच्या जागेशी जोडीने जुळवून पाहतो आणि तिथे बसतो. यू-टू हा इंट्रॉनच्या शेवटाकडचे एक ठरावीक ‘ए’ शोधतो. मग यू-फोर, यू-फाइव्ह आणि यू-सिक्स हे त्रिकूट येते. यू-वन आणि यू-फोर बाजूला होतात, यू-वनची जागा यू-सिक्स घेतो. पहिल्या कापात इंट्रॉनचे पुढचे टोक सुटते आणि त्या ‘ए’ला जाऊन चिकटते. दोरीचा फास तयार होतो तसा आकार. दुसऱ्या कापात मागचे टोक सुटते, दोन एक्झॉन सांधले जातात, फास उकलून मोडीत निघतो. सांध्याच्या २०-२४ अक्षरे अलीकडे प्रथिनांचे एक छोटे पुडके खूण म्हणून राहते. ती खूण पुढे फार उपयोगी पडते: प्रथिन बनवताना ‘थांबा’ हा शब्द शेवटच्या सांध्याच्या बराच आधी आला, तर पेशी ती प्रत सदोष समजून नष्ट करते. शेवटी आरएनएच्या मागच्या टोकाला सुमारे २५० ‘ए’ अक्षरांची शेपटी लागते.

याखेरीज प्रथिनांचे दोन मोठे गट एक्झॉन घ्यायचा की वगळायचा यावर खेचाखेच करत असतात. एसआर प्रथिने एक्झॉनमधल्या खुणांवर बसून यू-वनला ‘इथे ये’ म्हणतात. एचएनआरएनपी गटातली ए-वनसारखी प्रथिने बहुतेकदा उलटा सल्ला देतात. नियम ढोबळ आहे, कारण तेच प्रथिन एक्झॉनमध्ये बसले की एक करते आणि इंट्रॉनमध्ये बसले की दुसरे. पण पुढे एसएमए समजायला एवढे पुरते.

आता एएनए. ही तपासणी कशी होते हे कळले की पहिले वाक्य चुकीचे का, हे डोळ्यांना दिसते. हेप-२ नावाच्या मानवी पेशी काचपट्टीवरच्या छोट्या वर्तुळांत चिकटवलेल्या असतात. रुग्णाचे सीरम १० मायक्रोलिटर आणि बफर ७९० मायक्रोलिटर असे मिसळले की १:८० झाले. त्याचा एक थेंब वर्तुळात टाकून काचपट्टी ओलसर डबीत ३० मिनिटे ठेवायची. रक्तात केंद्रकाविरुद्ध प्रतिपिंडे असतील तर ती तिथे चिकटतात, बाकीचे धुऊन जाते. मग मानवी प्रतिपिंडाला पकडणारे आणि फ्लुरोसीन हा चमकणारा रंग जोडलेले दुसरे प्रतिपिंड ३० मिनिटे अंधारात. पुन्हा धुवायचे, वर काचेचे झाकण, आणि निळ्या प्रकाशात पाहायचे. प्रतिपिंड जिथे चिकटले तिथे हिरवे चमकते.

‘कोर्स स्पेकल्ड’ म्हणजे जाडसर ठिपक्यांचा पॅटर्न असेल तर केंद्रकभर हिरवे दाणे दिसतात, मधली न्यूक्लिओलसची (केंद्रकाच्या आतल्या दाट भागांची) वर्तुळे काळी राहतात. त्याच वर्तुळात एखादी विभाजन होत असलेली पेशी शोधावी. तिच्या मधोमध गुणसूत्रांची पट्टी असते, म्हणजे त्या पेशीचा सगळा डीएनए एका ओळीत गोळा झालेला. स्पेकल्ड पॅटर्नमध्ये ती पट्टी काळीच राहते. हिरवा रंग तिच्या भोवती, तिच्यावर नाही. प्रतिपिंडे डीएनएविरुद्ध असती तर सर्वांत आधी ती पट्टीच झळकली असती. ‘होमोजीनियस’ पॅटर्नमध्ये ती खरोखरच झळकते आणि तिथे डीएनए किंवा त्याला गुंडाळणाऱ्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे शोधायला हवीत. जाडसर ठिपके मात्र बहुतेक वेळा यू-वनच्या प्रथिनांवर किंवा एसएम बांगडीवर बसलेल्या प्रतिपिंडांचे असतात. स्प्लायसिंगची प्रथिने केंद्रकात सारखी पसरलेली नसतात, २० ते ५० ठिकाणी त्यांचे साठे असतात, म्हणून ठिपके.

‘एसएम’ हे नावही एका रुग्णाच्या आडनावातून आले आहे. १९६६ मध्ये एंग टॅन आणि हेन्री कुंकेल यांनी ल्यूपसच्या (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजाराच्या) रुग्णाच्या सीरममधले हे प्रतिपिंड नोंदवले. ते कशावर बसते हे तेव्हा ठाऊक नव्हते. १९७९ मध्ये येल विद्यापीठात मायकेल लर्नर आणि जोन स्टाइट्झ यांनी अशाच रुग्णांच्या सीरमचा गळासारखा वापर करून पेशीतून हे कण ओढून काढले. पुढच्याच वर्षी यू-वन हा इंट्रॉनची सुरुवात ओळखत असावा, अशी मांडणी झाली. आजारी माणसांच्या रक्तानेच स्प्लायसिंगच्या यंत्राचा पत्ता दिला. ही गोष्ट बारावीच्या वर्गात सांगितली जात नाही, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

रिपोर्ट हातात आल्यावर चार गोष्टी त्यावर आहेत का, हे पाहा: पद्धत कोणती (काचपट्टीवरची की एलिसा), पेशी कोणत्या, सीरम किती पातळ केले होते आणि पॅटर्न कोणता. नुसते ‘पॉझिटिव्ह’ एवढेच लिहिलेला कागद अपुरा आहे, तो परत नेऊन तपशील मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. पातळ करण्याचा आकडा का महत्त्वाचा? १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री अभ्यासात निरोगी लोकांपैकी १:४० ला ३१.७ टक्के, १:८० ला १३.३ टक्के आणि १:१६० लाही ५ टक्के पॉझिटिव्ह निघाले होते. म्हणजे १:४० चा आकडा वाचून ल्यूपस झाला असे मानणे साफ चूक. ‘डेन्स फाइन स्पेकल्ड’ असा एक वेगळाच पॅटर्न असतो, त्यात ठिपके बारीक व दाट असतात आणि गुणसूत्रांची पट्टीही झळकते. तो एकटाच असेल तर बहुधा आजार नसलेल्या माणसाचा असतो. घाईत वाचणाऱ्याला तो होमोजीनियस वाटतो आणि रुग्ण भलत्या वाटेला लागतो.

लॅबमध्ये चुका कुठे होतात तेही सांगतो. धुणे अपुरे झाले की सगळी पेशी धूसर हिरवी दिसते आणि नवखा माणूस तिला होमोजीनियस म्हणून मोकळा होतो. काचपट्टी मधेच सुकली तर कडेच्या पेशी खोट्या चमकतात. रंग उजेडात उडतो, म्हणून दुपारी तयार केलेली पट्टी दुसऱ्या दिवशी वाचली तर १:३२० चे १:१६० होते. प्रत्येक खेपेला एक खात्रीचे पॉझिटिव्ह आणि एक खात्रीचे निगेटिव्ह सीरम सोबत लावले नसेल, तर त्या दिवशीच्या एकाही निकालावर विसंबू नये. रक्त देताना उपाशीपोटी असण्याची गरज नाही. आणि एकदा पॉझिटिव्ह आलेला एएनए दर तीन महिन्यांनी पुन्हा करायचीही गरज नाही. आजाराची चढउतार त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी डीएस-डीएनए (दुपदरी डीएनएविरुद्धची प्रतिपिंडे), सी-३, सी-४ (प्रतिकारयंत्रणेची रक्तातली प्रथिने) आणि लघवीतली प्रथिने पाहतात. या एका वाक्याने कित्येक घरांचे पैसे वाचतील.

पुढची पायरी म्हणजे ईएनए प्रोफाइल, प्रतिपिंडे नेमकी कोणत्या प्रथिनांविरुद्ध आहेत हे पाहणारी तपासणी. तिथे पट्टीवर ‘एसएम’ आणि ‘आरएनपी/एसएम’ अशा दोन वेगळ्या रेषा असतात. दुसऱ्या रेषेत दोन्ही प्रकारची प्रथिने असल्यामुळे ‘आरएनपी/एसएम पॉझिटिव्ह, एसएम निगेटिव्ह’ असे आले तर प्रतिपिंडे यू-वनच्या स्वतःच्या प्रथिनांविरुद्ध आहेत, एसएमविरुद्ध नाहीत, असा अर्थ निघतो. अनेक जण त्या संयुक्त रेषेवरूनच ‘एसएम आले’ असे समजतात. एसएम प्रतिपिंड ल्यूपसच्या थोड्याच रुग्णांत सापडते, पण सापडले तर त्याचा अर्थ पक्का असतो. २०१९ च्या वर्गीकरण निकषांत एएनए किमान १:८० ही प्रवेशाची अट, एसएमला सहा गुण, आणि वर्गीकरणासाठी एकूण दहा गुण लागतात. नुसते यू-वन आरएनपी भरपूर प्रमाणात असेल तर मिश्र संयोजी ऊतींचा आजार (ल्यूपससारख्या अनेक आजारांची लक्षणे एकत्र दिसतात तो) मनात आणावा. निफाडचा पारा खाली उतरतो त्या दिवसांत सकाळी गार पाण्यात हात घातल्यावर ज्यांची बोटे पांढरी, मग निळी पडतात आणि बोटे सुजून अंगठी निघत नाही, त्यांनी ‘थंडीच आहे’ म्हणून सोडून देऊ नये.

आता थॅलेसेमिया. इथे यू-वनवर हल्ला होत नाही, त्याची बसायची जागाच बिघडते. भारतात बीटा थॅलेसेमियाचा सर्वाधिक आढळणारा दोष रिपोर्टवर ‘आयव्हीएस १-५, जी>सी’ असा लिहिलेला असतो. नव्या पद्धतीत तोच ‘सी.९२+५जी>सी’. अर्थ सोपा आहे: पहिल्या एक्झॉनमधली प्रथिनाची ९२ अक्षरे संपली, इंट्रॉन सुरू झाला, त्याचे पाचवे अक्षर ‘जी’ हवे तिथे ‘सी’ आले.

इंट्रॉनमधले अक्षर तर काढूनच टाकायचे असते, मग त्याने एवढे काय बिघडते? जवळून पाहू. यू-वन सांध्याभोवतीची नऊ अक्षरे जुळवून पाहतो, तीन एक्झॉनमधली आणि सहा इंट्रॉनमधली. बीटा ग्लोबिनमध्ये ती अशी आहेत: सी-ए-जी, मग जी-यू-यू-जी-जी-यू. यांतली सात अक्षरे यू-वनशी घट्ट जुळतात. इंट्रॉनचे तिसरे अक्षर मुळातच जुळत नाही आणि चौथे जेमतेम. म्हणजे पकड आधीच सैल होती, पलीकडून तिला पाचव्या आणि सहाव्या अक्षराने धरून ठेवले होते. पाचवे गेले की तिसरे, चौथे, पाचवे अशा सलग तीन जोड्या उघड्या पडतात, एकट्या सहाव्याने काही धरवत नाही. यू-वन तिथे पुरेसा टिकत नाही आणि आजूबाजूच्या तीन नकली जागा वापरात येतात. एक खऱ्या सांध्याच्या ३८ अक्षरे अलीकडे, दुसरी १६ अक्षरे अलीकडे, तिसरी इंट्रॉनमध्ये १२ अक्षरे ओलांडून. ३८ आणि १६ यांना तीनने भाग जात नाही, म्हणून तिथे सांधले की वाचनाची चौकट मोडते. १२ ला भाग जातो, पण चार अमिनो आम्ले आगंतुक घुसतात आणि नीट बीटा साखळी होत नाही. खरा सांधा थोड्या प्रमाणात तरीही जमतो, म्हणून या दोषाला बीटा-प्लस म्हणतात, तोही गंभीर. शेजारचाच ‘आयव्हीएस १-१, जी>टी’ मात्र ‘जीयू’तला ‘जी’च घालवतो, तिथे खरा सांधा अजिबात होत नाही. तो बीटा-शून्य.

यात लोहाचा संबंध कुठेच नाही. वाहकाची लक्षणे सीबीसीमध्येच (रक्तपेशींच्या साध्या तपासणीतच) दिसतात: एमसीव्ही (लाल पेशीचा आकार) ८० च्या खाली, एमसीएच (एका पेशीतले हिमोग्लोबिन) २७ च्या खाली आणि तरीही लाल पेशींची संख्या चांगली किंवा वाढलेली. लोह कमी असले तर सहसा पेशींची संख्याही घटते. पुढे एचपीएलसीवर (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीत) एचबीए-२ हा प्रकार साधारण साडेतीन टक्क्यांहून अधिक असेल तर वाहक. एक सापळा इथे आहे. लोह खरोखर कमी असेल तर एचबीए-२ खाली उतरते आणि वाहक सुटून जातो. म्हणून आकडा काठावर असेल तर फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा) पाहून, लोह भरून काढून तपासणी पुन्हा करावी. फेरिटिन व्यवस्थित असताना ‘रक्त कमी आहे’ म्हणून वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या देणे थांबले पाहिजे.

दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात आजारी बाळाची शक्यता चारात एक. पहिले बाळ निरोगी निघाले म्हणून पुढची शक्यता घटत नाही. गर्भाची तपासणी अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन होते, पण त्यासाठी आईवडिलांचे दोष आधी ठाऊक लागतात. ते शोधण्यात दोन-तीन आठवडे सहज जातात. दहाव्या आठवड्यात धावाधाव करण्यापेक्षा हा कागद लग्नाआधी तयार असावा.

सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत सिकलसेलची तपासणी चालते. तो दोष स्प्लायसिंगचा नाही, हे बातम्यांत स्पष्ट लिहिले जावे. सिकलसेलमध्ये आरएनए व्यवस्थित सांधला जातो, पण प्रथिनातले सहावे अमिनो आम्ल बदलते. मात्र एका पालकाकडून सिकलसेल आणि दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमिया आला तर बाळ आजारी होते. सिकलसेलसाठीची नुसती विद्राव्यता चाचणी थॅलेसेमियाचा वाहक ओळखत नाही, म्हणून जोडीदाराची ती चाचणी निगेटिव्ह आली एवढ्यावर थांबू नये. दोघांचीही एचपीएलसी हवी.

हल्ली जनुकीय तपासणीत इंट्रॉनच्या काठावरचा एखादा बदल ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा घेऊन येतो. तो सांधा खरोखर बिघडवतो का, हे डीएनए पाहून पक्के कळत नाही, आरएनएच पाहावा लागतो. नाशिकचे नमुने त्यासाठी मुंबई-पुण्याला जातात आणि बरेचसे वाटेत वाया जातात. डीएनएसाठीचे ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीतले रक्त चार अंशांवर काही दिवस टिकते. आरएनए तसा टिकत नाही, रक्तातली आरएनए खाणारी विकरे त्याचा काही तासांत भुगा करतात. त्यासाठी आरएनए स्थिर ठेवणारे द्रव आधीच भरलेली वेगळी नळी मागवावी लागते. तिच्यात खुणेपर्यंत अडीच मिलिलिटर रक्त घ्यायचे, आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटी-सुलटी करायची (हलवून फेस आणायचा नाही) आणि किमान दोन तास खोलीच्या तापमानाला उभी ठेवायची. १८ ते २५ अंशांत ती तीन दिवस चालते. मे महिन्यात मोटारीच्या डिकीत ठेवलेली नळी चालत नाही.

राहिला एसएमए. हा पाठीच्या कण्यातल्या चालक चेतापेशींचा आजार, बहुतेक रुग्णांत एसएमएन-१ या जनुकाचा सातवा एक्झॉन दोन्ही प्रतींत नसतो. त्याचे जुळे भावंड एसएमएन-२ प्रत्येक रुग्णात असते, पण त्याच्या सातव्या एक्झॉनमध्ये एका ‘सी’च्या जागी ‘टी’ आहे. अमिनो आम्ल बदलत नाही. तरीही एसआर गटातल्या प्रथिनाची बसायची जागा पुसली जाते आणि एचएनआरएनपी ए-वनची तयार होते. परिणाम: ५४ अक्षरांचा हा एक्झॉन बहुतेक प्रतींतून वगळला जातो, पूर्ण प्रथिन दहा टक्क्यांच्या आसपासच बनते. आणि या प्रथिनाचे मुख्य काम काय? केंद्रकाबाहेर आलेल्या यू-वनसारख्या आरएनएवर ती सात प्रथिनांची एसएम बांगडी चढवणे. ल्यूपसच्या रिपोर्टवरचे ‘एसएम’ आणि एसएमएचा आजार एकाच बांगडीपाशी येऊन भेटतात.

तीन औषधे एकमेकांच्या आवृत्त्या नाहीत. सोळा कोटींची म्हणून गाजलेली जनुक उपचारपद्धती एएव्ही-९ विषाणूच्या कवचातून एसएमएन-१ ची नवी प्रत शिरेवाटे एकदाच देते. त्याआधी त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे तपासावी लागतात आणि यकृतावर लक्ष ठेवून स्टेरॉइड द्यावे लागते. न्यूसिनर्सेन नवे जनुक देत नाही. ते १८ अक्षरांचे कृत्रिम तुकडे आहेत, ते एसएमएन-२ च्या सातव्या इंट्रॉनवर दहाव्या अक्षरापासून चिकटतात आणि ए-वनला तिथे बसू देत नाहीत. एक्झॉन वाचतो. मात्रा १२ मिलिग्रॅम, ५ मिलिलिटरमध्ये, कण्यातल्या पाण्यात: पहिल्या दिवसानंतर १४, २८ आणि ६३ व्या दिवशी, मग दर चार महिन्यांनी. प्रत्येक वेळी आधी प्लेटलेट, रक्त गोठण्याची तपासणी आणि लघवीतली प्रथिने पाहायची. रिस्डिप्लाम रोज तोंडाने घ्यायचे. सातव्या एक्झॉनच्या शेवटचे ‘ए’ यू-वनशी न जुळता बाहेर फुगून राहते, हे औषध तिथे बसून यू-वनची पकड घट्ट करते. बाटली दोन ते आठ अंशांत ठेवायची आणि औषध तयार केल्यापासून ६४ दिवसांनी उरलेले टाकून द्यायचे.

ही दोन्ही औषधे एसएमएन-२ वरच चालतात, म्हणून रिपोर्टमध्ये एसएमएन-२ च्या किती प्रती आहेत हा आकडा असलाच पाहिजे. ‘एसएमए पॉझिटिव्ह’ एवढाच शेरा मिळाला असेल तर तो आकडा लॅबकडून मागून घ्यावा. मदतीचे आवाहन छापतानाही औषधाचे नाव, ते कोणत्या मार्गाने आणि किती वेळा द्यायचे, हे आपण छापावे. एकदाच द्यायच्या उपचारासाठीची वर्गणी आणि आयुष्यभर रोज लागणाऱ्या औषधासाठीची वर्गणी यांचा हिशेब वेगळा असतो. मेलेल्या चेतापेशी कोणतेच औषध परत आणत नाही, त्यामुळे घरात एक बाळ आजारी निघाले असेल तर पुढच्या बाळाची तपासणी लक्षणांची वाट न पाहता जन्मल्याबरोबर व्हायला हवी.

आपले,
जीवशास्त्र शिकवणारे आणि निदान प्रयोगशाळेत काम करणारे काही वाचक,
नाशिक